भुऱ्याची पेज

रायपूरकडून येणारा ट्रक कोहमाऱ्याच्या अलीकडच्या वळणावर पलटला, तेव्हा पिपरटोल्यात उन्हाळी धान कापणीला आला होता. आवाज एवढा मोठा झाला की शेतातली माणसं विळे टाकून सडकेकडे धावली. धनवंताही धावली. ती पोचली तोवर ट्रक कुशीवर आडवा पडला होता, वरच्या बाजूची चाकं अजून फिरत होती, आणि आतून ड्रायव्हर ओरडत होता, "पैर निकालो भैया, पैर!"

त्याला बाहेर काढलं ते दोघांनी. चुन्नीलाल रहांगडालेनं सब्बल घालून दार उचकटलं आणि धनवंताच्या नवऱ्यानं, दुर्गाप्रसाद पटलेनं, काखेत हात घालून त्याला ओढला. पायाचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. ड्रायव्हर वेदनेनं दुर्गाप्रसादच्या मनगटाला चावला, तरी त्यानं पकड सोडली नाही. दोघांनी मिळून त्याला सडक अर्जुनीकडे जाणाऱ्या एका जीपमध्ये घातलं. जीप निघून गेल्यावर मात्र दोघं एक शब्द न बोलता दोन बाजूंना वळले. गेल्या दिवाळीपासून त्यांचं बोलणं बंद होतं.

मग खोक्यांवर गाव तुटून पडलं.

खोक्यांमध्ये चॉकलेट निघालं. पण ते दुकानात मिळतं तसलं नव्हतं. विटेएवढ्या जाड, काळ्याकुट्ट लाद्या होत्या, शहरातल्या बेकऱ्यांसाठी चाललेल्या. पोरांनी हावरेपणानं दात मारले आणि थू थू करत थुंकली. "अबे, हे तं कडुलिंब आहे!" कुणी साखर लावून पाहिलं, कुणी दुधात उकळलं. म्हशींनी हुंगून तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी गावातल्या अर्ध्या लाद्या उकिरड्यावर आणि अर्ध्या फळीवर धूळ खात पडल्या होत्या.

धनवंताच्या घरी एक खोकं आलं होतं. अन्न फेकायचं म्हटलं की तिच्या जिवावर यायचं. शिळ्या भाताचीसुद्धा ती आंबील करायची. सकाळी चुलीवर पेज उकळत होती, त्यात तिनं अर्धी लादी फोडून टाकली, वरून गुळाचा मोठा खडा घातला आणि पितळी भरून आपल्या कुत्र्यासमोर, भुऱ्यासमोर ठेवली.

"खाय बाबू," ती म्हणाली. "माणसाच्या नशिबात नाई, तुह्या नशिबात आहे."

भुऱ्यानं पितळी चाटून लख्ख केली आणि शेपटी हलवत आणखी मागितली. तिनं आणखी वाढली.

भुऱ्या म्हणजे काही राजवाड्यातलं कुत्रं नव्हे. राखेच्या रंगाचा, एक कान फाटलेला गावठी कुत्रा. पण त्याच्या जिवावर पटल्यांचा धान घरी यायचा. नवेगावच्या जंगलातून रानडुकरं उतरली की एका फेऱ्यात धानाच्या बांधीच्या बांधी लोळवून टाकायची. गेल्या वर्षी असल्याच एका कळप सोडलेल्या एकुलग्या डुकरानं दुर्गाप्रसादला शेताच्या धुऱ्यावर पाडलं होतं. सुळा मांडीत घुसायचा तेवढ्यात भुऱ्यानं डुकराच्या कानाला धरलं आणि आपलं पोट फाडून घेतलं, पण कान सोडला नाही. धनवंतानं सुई-दोऱ्यानं ते पोट शिवलं होतं. दुर्गाप्रसाद त्या कुत्र्यासमोर रडला होता, आणि दुर्गाप्रसाद आपल्या बापाच्या चितेसमोरही रडला नव्हता.

पण ज्या दातांनी डुक्कर धरलं, त्याच दातांनी दिवाळीत चुन्नीलालचं बकरीचं पिल्लू फाडलं. चुन्नीलालच्या बायकोनं, शामकलानं, ते पिल्लू बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. चुन्नीलाल मेलेलं पिल्लू दोन्ही हातांवर घेऊन पटल्यांच्या दारात आला. दुर्गाप्रसादनं भरपाई देऊ केली, पण वर म्हणाला, "कुत्रा आहे, तो काय पोथी वाचते?" त्यावर चुन्नीलाल लाल झाला. पानठेल्यासमोर चारचौघांत त्यानं सांगितलं, "एक दिवस याले धानाचं औषध खाऊ घालतो. तडफडून मरन तवाच माह्या जिवाले थंडक."

हे वाक्य अख्ख्या गावानं ऐकलं होतं. धनवंतानं तर ते काळजात जपून ठेवलं होतं.

दुपारपर्यंत भुऱ्या बरा होता. नंतर तो एका जागी बसेना. आंगणात गोल गोल फिरू लागला, जीभ बाहेर, श्वास भात्यासारखा. दोनदा ओकला. धनवंतानं पाणी ठेवलं, तर तो अधाशासारखं प्यायला आणि लगेच सगळं ओकून टाकलं. तिनं छातीवर हात ठेवला. आतलं काळीज इतकं जोरात पळत होतं की ठोके वेगळे लागत नव्हते.

"अजी, इकडे या! याले काही तरी झालं!"

दुर्गाप्रसाद गोठ्यातून धावत आला. तेवढ्यात भुऱ्याचे पाय ताठ झाले. तो कुशीवर कोसळला आणि त्याचं सगळं अंग धनुष्यासारखं मागे वाकलं. दात एकमेकांवर आपटू लागले, जीभ मध्ये सापडली, फेसात रक्त मिसळलं. दुर्गाप्रसादनं जबडा उघडायला बोटं घातली आणि ती दातांनी सोलून निघाली. झटका थांबला की कुत्रा क्षणभर मालकाकडे पाही आणि पुन्हा झटका येई. नखांनी त्यानं आंगणातल्या सारवलेल्या भुईचे पापुद्रे उखडले. ऊन उतरायच्या आत त्यानं शेवटचे पाय झाडले आणि दुर्गाप्रसादच्या मांडीवरच तो लाकडासारखा कडक झाला.

बराच वेळ दुर्गाप्रसाद हलला नाही. त्याच्या बोटांतून रक्त गळून कुत्र्याच्या फाटक्या कानावर पडत होतं. धनवंतानंच तोंड उघडलं.

"त्यानं केलं," ती म्हणाली. "बोलल्यापरमानं केलं त्यानं."

"कोन?"

"कोन म्हून काय विचारता? चुन्नीलाल. औषध खाल्लेलं जनावर असंच मरते."

दुर्गाप्रसाद तरीही बसूनच होता. त्याच्या डोळ्यांत संताप नव्हता, नुसती पोकळी होती. त्या क्षणी धनवंता गप्प राहिली असती, तर कदाचित तो कुत्र्याला पुरून, आंघोळ करून निजला असता. पण तिनं हातातल्या दोन बांगड्या उतरवल्या आणि त्याच्यासमोर भुईवर टाकल्या.

"घ्या, भरा. ज्या कुत्र्यानं तुमच्या मांडीसाठी पोट फाडून घेतलं, त्याले असं मारलं, आन तुम्ही बसून राहिले. मी बाई असून मले सहन होऊन नाई राहिलं."

दुर्गाप्रसाद उठला. दारातल्या बैलबंडीची उभारी त्यानं खसकन उपसली. बाजूला लावायचा तो साजाच्या लाकडाचा दांडा मनगटाएवढा जाड होता. दांडा खांद्यावर टाकून तो निघाला, आणि पदर खोचून धनवंता मागे.

चुन्नीलाल नुकताच शेतातून आला होता. आंगणात वाकून पायावर पाणी घेत होता. "चुन्न्या!" अशी हाक ऐकून त्यानं मान वर केली. उभारी डोक्यावरच यायची, पण त्यानं उजवा हात आडवा घातला. कोरडी काडी मोडावी तसा आवाज झाला. हात कोपराच्या खाली भलत्याच ठिकाणी वाकला.

"काऊन मारून राहिला गा? मीनं काय केलं?" तो किंचाळला.

"माह्या भुऱ्याले जहर दिलं, आन वरून विचारतं?"

"कोनतं जहर? आईची आन, मीनं..."

दुसरा फटका खांद्यावर बसला, तिसरा बरगड्यांवर. चुन्नीलाल चिखलात लोळला. शामकला स्वयंपाकघरातून पळत आली आणि नवऱ्यावर आडवी पडली. धनवंतानं तिला केसांनी धरून मागे ओढलं. शामकलानं तिच्या दंडाचा लचका घेतला. धनवंताच्या हाताला पाण्याचा पितळी गडवा लागला, तोच तिनं उचलून शामकलाच्या कपाळावर हाणला. कपाळ उभं फाटलं. रक्ताचा पडदा दोन्ही डोळ्यांवर उतरला आणि शामकला आंधळ्यासारखी हातांनी चाचपडत भिंतीला जाऊन आपटली.

तेवढ्यात चुन्नीलालचा धाकटा भाऊ जागेश्वर परसातून आला. त्याच्या हातात धान कापायचा विळा होता. भावाला मातीत पाहून त्यानं काही विचारलं नाही. विळा दुर्गाप्रसादच्या पाठीत डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत उतरला. सदऱ्यासकट पाठ उघडी पडली. दुर्गाप्रसाद तरी वळला आणि त्यानं उभारीचं टोक जागेश्वरच्या तोंडात घुसवलं. दातांचे तुकडे रक्तासोबत बाहेर पडले. मग दोघंही एकमेकांचे गळे धरून खाली आले. गावातल्या सात-आठ माणसांनी अंगावर बसूनच त्यांना वेगळं केलं.

ठाण्याची गाडी आली. चुन्नीलालला गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. दुर्गाप्रसाद आणि जागेश्वर, दोघांना टाके घातल्यावर पोलिसांनी कोठडीत टाकलं. धनवंता आणि शामकला यांची नावंही कागदावर चढली, पण बायका म्हणून त्यांना घरी सोडलं. घरी येऊन धनवंतानं एकटीनं खड्डा खणला आणि भुऱ्याला पुरलं. दंड सुजून काळानिळा झाला होता. तरी तिला वाटत होतं, जे केलं ते बरोबर केलं.

दोन दिवसांनी टिकारामचा कुत्रा तसाच पडला.

टिकाराम म्हणजे गावाच्या त्या टोकाचा कुंभार. त्याचं कुणाशी वैर नव्हतं. त्याचा कुत्राही ओकला, धापा टाकू लागला, वाकडा झाला. फरक इतकाच, की त्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरीण रेणूमॅडम म्हशींना लस टोचायला गावात आल्या होत्या. टिकारामनं कुत्रा खांद्यावर टाकून त्यांच्यापर्यंत नेला. गर्दी जमली, तीत धनवंताही होती. ती मनात म्हणत होती, चुन्नीलालनं आणखी कुठं कुठं जहर टाकून ठेवलं आहे कोण जाणे.

मॅडमनी कुत्र्याला सुया टोचल्या, सलाइन लावलं. मग त्याच्या ओकारीत काडी फिरवून वास घेतला.

"हे काय घातलंत याला? काळं काळं?"

"ट्रकमधलं चाकलेट, मॅडम," टिकाराम म्हणाला. "पोट्ट्यांनी नाई खाल्लं. म्हटलं फेकाचं कायले, कुत्र्याले भाकरीत चुरून देल्लं."

"अहो, कुत्र्याला चॉकलेट म्हणजे विषच. त्यातही हे कडू, बेकरीचं, सगळ्यांत वाईट. आपल्याला पचतं, त्यांना पचत नाही. काळीज पळत सुटतं, मग झटके येतात." त्यांनी मान वर करून सगळ्यांना सांगितलं, "गावात ज्याच्याकडे असेल त्यानं कुत्र्यांना देऊ नका. कांदाही नको, मनुकाही नको. आपलं सगळं खाणं कुत्र्याला चालत नाही. आणखी कुणी दिलंय का?"

धनवंताच्या कानांत घूं घूं आवाज सुरू झाला. तिच्या डोळ्यांपुढे ती पितळी आली, चाटून लख्ख केलेली. आणखी मागणारी ती शेपटी आली. आणि तिचा स्वतःचा आवाज, "खाय बाबू."

ती तिथंच बसली. कुणाला वाटलं तिला ऊन लागलं. टिकारामच्या बायकोनं तोंडावर पाणी मारलं. टिकारामचा कुत्रा वाचला, संध्याकाळी उठून बसला. धनवंता घरी आली, खोकं उचललं आणि एकेक लादी विहिरीच्या काठावर दगडानं ठेचत राहिली. बोटावर दगड बसला, नख उलटलं, तरी ती ठेचत राहिली. भुऱ्याला पेज वाढताना तिला कुणी पाहिलं नव्हतं. आपण तोंड उघडलं नाही, तर ही गोष्ट आपल्यासोबतच मसणात जाईल. असं तिच्या मनात आलं आणि आपल्याच मनाची तिला किळस आली.

सकाळी ती शामकलाच्या दारात उभी राहिली. शामकला कपाळाला पट्टी बांधून तांदूळ पाखडत होती. एक डोळा सुजून मिटला होता.

"कायले आली व?" शामकला म्हणाली. "उरलेला डोळा फोडाले?"

"चुन्नीभाऊनं जहर नाई देल्लं."

"हे मले सांगाले आली?"

"मीनं देल्लं. ट्रकमधलं चाकलेट पेजीत घालून मीनंच खाऊ घातलं भुऱ्याले. मले नाई ठाव होतं. आन मीच ह्यायले उठवून धाडलं तुमच्या घरावर. बांगड्या टाकल्या समोर."

शामकलानं सूप खाली ठेवलं. शांतपणे उठली, चुलीपाशी गेली आणि जळतं लाकूड घेऊन आली. पहिला फटका धनवंताच्या खांद्यावर बसला, ठिणग्या लुगड्यावर उडाल्या. दुसरा पाठीवर. धनवंता हलली नाही. हातही वर केला नाही. शामकला मारत होती आणि रडत होती, "उजवा हात व, उजवा हात! डाक्टर म्हनते पयलेसारका होत नाई! आता नांगर कोन धरन? तू धरशीन?" शेवटी लाकूडच मोडलं. शेजारणींनी तिला धरलं तेव्हा ती दमून खाली बसली होती.

धनवंता तशीच वळली. घरून विळा घेतला आणि चुन्नीलालच्या शेतात गेली.

तिथला धान पिकून झुकला होता. हात लावला तरी दाणे गळत होते. घरचा एक माणूस दवाखान्यात, एक कोठडीत आणि मजूर शोधावे तर सगळा गाव आपापल्या कापणीत. धनवंता एका कोपऱ्यातून सुरू झाली. भाजलेल्या पाठीवर घाम झोंबत होता, वाकलं की कातडी ताणायची. दुपारी शामकला आली आणि धुऱ्यावरून ढेकूळ फेकून ओरडली, "निंघ माह्या शेतातून!" ढेकूळ कानशिलावर फुटलं. धनवंतानं माती झटकली आणि पुढची पेंढी कापली.

दुसऱ्या दिवशीही ती गेली. तिच्या स्वतःच्या बांधीत त्या दोन दिवसांत डुकरं शिरली. हाकलायला भुऱ्या नव्हता. अर्धी बांधी लोळवून, चिखल करून ती निघून गेली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी धनवंताला सांगितलं. ती "हव" म्हणाली आणि वाकून कापत राहिली. तिसऱ्या दिवशी तिला बांधीच्या पलीकडच्या टोकाला आवाज आला. खसक, खसक. शामकला तिकडून कापत येत होती. दोघी मधे समोरासमोर आल्या, तेव्हा शामकला पाठ फिरवून दुसऱ्या बांधीत उतरली.

दुर्गाप्रसाद जामिनावर सुटून आला, तेव्हा त्याची पाठ टाक्यांनी चामड्याच्या वादीनं शिवल्यासारखी दिसत होती. धनवंतानं त्याला आधी जेवू घातलं. मग सगळं सांगितलं, एकही गोष्ट न लपवता.

त्यानं ताट भिंतीवर फेकलं. तिच्या तोंडात मारली, इतक्या जोरानं की ती उंबऱ्यावर पडली. पुन्हा हात उगारला, तसा तिनं तो दोन्ही हातांनी धरला.

"शामकलानं मारलं, मी खाल्लं, ते तिचं होतं," ती म्हणाली. ओठातून रक्त येत होतं. "तुमचं मी खानार नाई. उभारी मीनं नाई उचलली. मीनं बोललं, तुमी मारलं. तो आईची आन घेऊन सांगून राहिला होता, तुमी आयकलं?"

दुर्गाप्रसादनं हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. तिनं सोडला नाही. थोड्या वेळानं तो हातच सैल पडला. तो दारात जाऊन बसला. आणि दुसऱ्या सकाळी, तिला न सांगताच, चुन्नीलालच्या घराकडे चालू लागला. धनवंता मागे धावली. तिला वाटलं, पुन्हा काही तरी होणार.

चुन्नीलाल खाटेवर बसला होता. उजवा हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये. आदल्याच दिवशी सुटून आलेला जागेश्वर दारात होता. समोरचे दात नव्हते, हात आपोआप सब्बलीकडे गेला.

"थांब," चुन्नीलाल त्याला म्हणाला.

दुर्गाप्रसाद आंगणात, मारामारी झाली बरोबर त्याच जागी उभा राहिला.

"मी माफी मागाले नाई आलो," तो म्हणाला. "माफी कोनत्या तोंडानं मागू? कोर्टात मी सांगतो, चूक माही. जे होईन ते भोगतो. तू मार."

चुन्नीलाल खाटेवरून उठला. जवळ आला. दोघांच्या मधे हातभर अंतर राहिलं. मग त्यानं डाव्या हाताची मूठ आवळली आणि दुर्गाप्रसादच्या तोंडावर हाणली. डावा हात, सवय नसलेला, तरी नाक फुटलं. दुर्गाप्रसाद दोन पावलं मागे झोकांडला आणि पुन्हा त्याच जागी येऊन उभा राहिला. चुन्नीलालनं पुन्हा मूठ उचलली. ती हवेतच राहिली. धनवंतानं डोळे मिटले.

फटका आला नाही. तिनं पाहिलं, तर चुन्नीलाल डाव्या हातानं उजव्याचं प्लास्टर धरून कळवळत होता. हिसक्यानं मोडलेला हात दुखावला होता. दुर्गाप्रसाद नकळत पुढे झाला आणि त्यानं त्याला कोपराखाली आधार देऊन खाटेवर बसवलं. जागेश्वर पाहत राहिला.

दुर्गाप्रसादच्या नाकातून रक्त सदऱ्यावर टपकत होतं. शामकला आत होती, ती बाहेर आली नाही, पण तिनं दाराआडून एक ओला फडका बाहेर फेकला. तो कुणासाठी, हे काही तिनं सांगितलं नाही. दुर्गाप्रसादनं तो उचलून नाकाला लावला.

"तुह्या बांधीत डुकरं शिरली म्हन्ते," चुन्नीलाल म्हणाला.

"हव. अर्धा धान गेला."

"आमचा धान कापून झाला. तुह्या बायकोनं कापला." त्यानं धनवंताकडे पाहिलं नाही. "उद्या धान चुराची मशीन येऊन राहिली. जागेश्वर एकटा आहे. पोते धराले मानूस पायजे."

"येतो," दुर्गाप्रसाद म्हणाला.

"केस मी मागं नाई घेनार."

"नोको घेऊ."

दुर्गाप्रसाद वळला. धनवंता फाटकापाशी उभी होती. तिच्या शेजारून जाताना तो थांबला नाही, तिच्याकडे त्यानं पाहिलंही नाही. पण चार पावलं पुढे जाऊन म्हणाला, "चाल. आपल्या बांधीत जे उभं आहे ते तरी कापू." आणि ती त्याच्या मागे चालू लागली.